तोंड उगवतीकडे

प्रिय मार्था सिस्टर,

येत्या रविवारी तुमच्या चर्चमध्ये तुमच्या आठवणीची सभा आहे. पाळक स्वतः घरी आले होते सांगायला. म्हणाले, "कुसुमताई, तुम्ही दोन शब्द बोला. सिस्टरना तुमच्याइतकं कोण ओळखत होतं?" मी हो म्हटलं. पण चार लोकांपुढे उभी राहिले की माझी जीभ कशी टाळ्याला चिकटते, ते तुम्हाला माहीत आहे! तिथे मी तुमच्या नोकरीचं बोलेन, लसीकरणाचं, तुमच्या शिस्तीचं. जे खरं बोलायचं आहे ते तिथे जमणार नाही. ही हिंदू बाई आमच्या प्रभूच्या येण्याबद्दल काय सांगून राहिली, असं कुणाला वाटायला नको. म्हणून आधी तुम्हालाच लिहिते.

आठवतं, रामाकोन्याला मी अंगणवाडीत नवी लागले तो दिवस? तुम्ही उपकेंद्रातल्या नर्स. पांढरी साडी, पायात कापडी बूट, खांद्याला लसीचा डबा. मी नवी सून, पदर सावरत, घाबरत तुमच्यापुढे उभी. तुम्ही ना नाव विचारलंत, ना गाव. माझ्या हाताकडे पाहून म्हणालात, "आधी नखं काप. मग लेकरांले हात लाव." काय राग आला होता तुमचा!

गावात तुमचं एकच ख्रिस्ती घर, आणि त्या घरात तुम्ही एकट्या. रविवारी सौसरची बस धरून उपासनेला जायच्या. तिथली भजनं हिंदीतली, ती आठवडाभर गुणगुणायच्या. बायका विचारायच्या, "सिस्टर, लग्न काहून नाही केलं?" तुम्ही हातातलं काम न थांबवता सांगायच्या, "येणाऱ्याची वाट पाहून राहिली न." बायका एकमेकींना कोपर मारायच्या. कुणीतरी असेल नागपूरकडचा, अशी सगळ्यांची खात्री. माझीसुद्धा!

मग एकदा पोलिओचा डबा घेऊन आपण मोहगावच्या रस्त्याने चाललो होतो. मी हिंमत करून विचारलं, "सिस्टर, येणार तरी कोण आहे?"

"प्रभू येशू."

तुम्ही ते इतक्या साधेपणाने सांगितलंत, जणू संध्याकाळच्या बसने येणार आहेत. मग चालता चालता सगळं समजावलंत. ते स्वर्गात गेले, तसेच परत येणार. आता गोठ्यातलं बाळ होऊन नाही, राजा होऊन, ढगांवरून. कर्णा वाजेल. त्यांच्यावर विश्वास ठेवून गेलेले आधी मातीतून उठतील, मग जिवंत असलेले त्यांना भेटायला जातील.

"कधी?"

"ते कोणालेच माहीत नाही. देवदूतांले पण नाही."

"मग तुम्ही रोज घर एवढं कायले झाडता?"

"आज आला तर?"

मी नाल्यावरच्या पुलियावर बसून पोट धरून हसले. तुम्ही रागावला नाहीत. डबा खाली ठेवलात, माझं हसणं संपेपर्यंत थांबलात आणि म्हणालात, "झालं? चल, बर्फ वितळून राहिला."

सिस्टर, माझ्या दुसऱ्या बाळंतपणाचं लिहायला हात उचलवत नाही. पण तेच नाही लिहिलं, तर या पत्राला काय अर्थ?

माझ्या थोरल्या वैशालीच्या पाठीवरचा मुलगा. दिवस भरायच्या आधीच झाला. तुम्ही त्याला कापसात गुंडाळून छातीशी धरलंत आणि जीपमधून सौसरच्या दवाखान्याकडे निघालात. वाटेतच तो गेला. एवढ्या लहान बाळाला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. ह्यांनी आणि मोठ्या दिरांनी त्याला नेलं. कुठे ठेवलं, मला कुणी सांगितलं नाही. बाळंतिणीने विचारायचं नसतं म्हणे. घरात त्याचा विषय बंद. सासूबाई म्हणाल्या, "विसरून जाय, बाई. आणखी होतीन." त्यांचं मन वाईट नव्हतं. त्यांनाही तसंच सांगितलं गेलं असेल.

दोन-चार दिवसांनी तुम्ही आलात. मला वाटलं, ताप बघाल, गोळ्या द्याल. तुम्ही खाली, माझ्या अंथरुणाशेजारी बसलात आणि विचारलंत, "नाव काय ठेवणार होतीस?"

ते कुणीच विचारलं नव्हतं! मी म्हटलं, "मनोहर."

"मनोहर," तुम्ही म्हणालात. आणि रडलात. इंजेक्शन देताना कुणाच्या रडण्याने न हलणारी बाई तुम्ही, पदर तोंडावर धरून रडलात.

मग माझ्या तोंडून निघून गेलं, "सिस्टर, तुमच्यात मातीत ठेवलेले उठतात म्हणता. माझा पण मातीतच आहे. तो उठीन का?"

तुम्ही पदराने तोंड पुसलंत. खोटा धीर द्यायचा असता तर तेव्हाच दिला असता. तुम्ही म्हणालात, "मले खरंच माहीत नाही, कुसुम. मी काही पाळक नाही. पण प्रभूनं लहान लेकरांले कधी वापस पाठवलं नाही, एवढं मले माहीत आहे. मी उठली का आधी त्याचंच विचारीन."

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "काय जी सिस्टर, आमच्या सुनेले तुमच्या धर्मात नेऊन राहिल्या का?"

"नाही जी आई. ती रडून राहिली होती, म्हणून मी बसली."

सासूबाई आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. एक कप तुमच्यापुढे ठेवला, एक माझ्यापुढे, आणि स्वतः उंबऱ्यात बसून डोळे पुसत राहिल्या. त्या घरात माझ्या बाळासाठी उघडपणे रडणं झालं ते त्या एका दुपारी. तुमच्यामुळे.

इतक्या वर्षांत तुम्ही मला एकदाही चर्चला चल म्हणाला नाहीत. मी मुद्दाम विचारलंही होतं, "मले काहून नाही बोलावत?" तर म्हणालात, "विचारशील तेवढं सांगीन. ओढून नेलेलं माणूस तिथं बसून करीन काय?"

वैशालीच्या शाळेसाठी आम्ही पांढुर्ण्याला आलो आणि पेन्शनीत निघाल्यावर तुम्हीही दोन गल्ल्या सोडून खोली घेतलीत. केवढं सुख होतं ते! शनिवारी मी जामसांवलीच्या निजलेल्या मारुतीला निघाले की तुम्हीही बसमध्ये. मी दर्शन घेईपर्यंत तुम्ही बाहेर फुलवालीशी तिच्या सुनेच्या बाळंतपणावर बोलत बसायच्या. "तुमचे मारुतीबाप्पा निजलेले, माझे प्रभू यायचे," तुम्ही म्हणायच्या. "आपल्या दोघींचं काम एकच. वाट पाहायचं."

एकदा परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "इतक्या पिढ्या गेल्या, सिस्टर. अजून नाही आले. तुम्हाले शंका नाही येत?"

तुम्ही संत्रं सोलत होतात. अर्धं माझ्या हातावर ठेवलंत. "येते न. पुष्कळदा येते."

मला धक्काच बसला! "मग?"

"मग काय? शंका आली तरी वाट पाहता येते, कुसुम."

आणि तुमच्या कबरस्तानावरून जाताना तुम्ही नेहमी बोट दाखवून सांगायच्या, "पाहून ठेव. डोकं मावळतीकडे, पाय उगवतीकडे. प्रभू उगवतीकडून येणार. उठलं का तोंड समोर पाहिजे. मले मान वळवून पाहायची पाळी नको." मी म्हणायचे, काय अभद्र बोलता! पण मी पाहून ठेवलं होतं.

आता एक तक्रार. मी वैशालीकडे बैतुलला गेले होते, तेव्हाच जायचं होतं का? फोन आला तेव्हा मी नातीची वेणी घालत होते. मिळेल त्या बसने आले. तुम्हाला चर्चच्या बायकांनी आंघोळ घातली होती, पांढरी साडी नेसवली होती. तुमचा भाचा प्रकाश नागपूरहून आला होता. मला पाहून त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. चांगला मुलगा आहे, सिस्टर.

आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. माझ्या आईच्या वेळी मी दारापर्यंतच गेले होते. पण तुम्हाला उचललं आणि माझे पाय आपोआप मागे निघाले. कुणी अडवलं नाही.

तिथे पोचले आणि पाहिलं, तर खड्डा आडवा. उन्हं मावळतीला लागलेली, म्हणून दिशा स्पष्ट कळत होती. डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला. मी प्रकाशला बाजूला बोलावलं. "दादा, हे आडवं झालं."

"काकू, तिकडून काळा पत्थर लागला. लोकं सकाळपासून खोदून राहिले, थकले बिचारे. आता देव का दिशा पाहते?"

पाळकही जवळ आले. अगदी प्रेमाने म्हणाले, "ताई, प्रभू कोणत्याही दिशेने उठवू शकतो. त्याला अडचण नाही."

त्यांचं चुकत नव्हतं. माझा तर तो धर्मही नाही. मी कोण बोलणारी? पण तुमचं ते बोट दिसत राहिलं. मी म्हटलं, "साहेब, प्रभूले फरक पडत नसेल. सिस्टरले पडत होता."

प्रकाशने विचारलं, "आत्यानं तुम्हाले सांगितलं होतं?"

"हो. दरवेळी."

त्याने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खोदायची सब्बल हातात घेतली. पत्थर सोडून अलीकडे, मुरमाच्या जागेत, त्यानेच पहिला घाव घातला. मग पाळकांनीही झगा काढून ठेवला. लोक लिंबाखाली थांबले, कुणी कुरकुर केली नाही. मी पाणी दिलं, घमेल्याने माती ओढली. माझ्या लेकराला मला माती देता आली नव्हती, सिस्टर. तुम्हाला दिली. दोन्ही हातांनी दिली.

तुम्हाला ठेवलं तेव्हा पाय बरोबर उगवतीकडे होते. मी खात्री करून घेतली.

घरी आले तर हे ओट्यावर बसले होते. माझ्या साडीची माती पाहून त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी विचारलं, "मनोहर कुठं आहे?"

"कोण मनोहर?"

"आपला."

यांना त्याचं नाव माहीतच नव्हतं हो! मीच कधी सांगितलं नव्हतं, त्यांनी कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी न सांगता मोटरसायकल काढली आणि मला रामाकोन्याला नेलं. संत्र्याच्या बगीच्यामागे, नाल्याच्या वरच्या अंगाला एक मोहाचं झाड आहे. त्याच्या बुडाशी चपला काढून उभे राहिले. "इथं," म्हणाले. "मी येत असतो मधून मधून. तुले सांगायचं म्हणजे, वाटे, तू पुन्हा रडशील." मग माझ्याआधी तेच रडले.

आम्ही दोघं तिथे ऊन चढेपर्यंत बसलो. पहिल्यांदा सोबत.

हे सगळं मी रविवारी सभेत कसं सांगू? आणि तुमचे आभार तरी कोणत्या शब्दांत मानू? मी अजून मारुतीलाच जाते, पुढेही जाईन. तुमचे प्रभू येतील की नाही, मला खरंच माहीत नाही. पण तुम्ही वाट पाहणारी बाई होतात म्हणून माझ्याजवळ बसू शकलात, एवढं मला कळतं.

तुमच्या कबरीच्या पायथ्याशी घाणेरीची झुडपं वाढून राहिली आहेत. विळा घेऊन मी ती कापत जाईन, गुडघे चालतील तोवर. माझ्यानंतर वैशालीला सांगून ठेवलं आहे. उगवतीची बाजू मोकळी राहील, हा माझा शब्द. आणि मी तिथे झुडपं कापत असतानाच कधी ते आलेच, तर मी तुमच्यासमोर उभी राहणार नाही, सिस्टर. विळा ठेवून बाजूला सरकेन. आधी तुम्ही पाहा.

तुमचीच,
कुसुम