लोड लावला होता!

३ मार्च
कुईंऽऽ! दोन स्टेशनांच्या मधली ती शिट्टी. लहानपणी वडिलांच्या रेडिओतून यायची. सगळे कानांवर हात ठेवायचे, मी कान लावून बसायचो. ती येते कुठून, हे नीट कळायला एकाहत्तराव्या वर्षी एम.एस्सी.च्या बाकावर बसावं लागलं. शेवटचं सत्र. उद्या रेडिओ-लहरींच्या पॉवर अॅम्प्लिफायरचं प्रात्यक्षिक.

४ मार्च
जाळला. अॅम्प्लिफायर जाळला मी!

अँटेनाच्या जागी डमी लोड, म्हणजे शक्ती उष्णतेत जिरवणारा जोड, लावायचा असतो. नाही लावला, तर बाहेर जाणारी शक्ती उलटी फिरते आणि ट्रान्झिस्टरलाच खाते. नवशिकेसुद्धा हे विसरत नाहीत. मी लावला होता — घट्ट पिळून, बोटाला वळ उठेपर्यंत! चहा पिऊन आलो, बटण दाबलं. टक्. करपट वास. पाहतो तर लोडची जागा रिकामी. लोड कपाटात, आपल्या कप्प्यात.

लॅब असिस्टंट — सगळे त्यांना मामा म्हणतात — हळूच म्हणाले, "काका, वयाने होतं असं. मनाला लावून घेऊ नका."

म्हणजे मी काढून ठेवला? कधी?

५ मार्च
लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आईचंही असंच सुरू झालं होतं ना?"

६ मार्च
स्वतःची परीक्षा घेतली. सहावीतली कविता, चोवीस ओळी, जन्मभर तोंडपाठ. अठराव्या ओळीला अडलो. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा अठरावी! आमच्या हिला मी शेवटी शेवटी ओळखूही येत नव्हतो. आता माझी पाळी?

८ मार्च
नाव काढून घेण्याचा अर्ज लिहिला. कारण — प्रकृती. अक्षर तेवढं अजून शाळेतलं आहे. उद्या देणार.

९ मार्च
अर्ज घेऊन निघतच होतो. दार वाजलं. उघडलं तर मामा! कधी घरी न आलेला माणूस. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभे.

"काका, लोड मी काढला होता. तुम्ही चहाला गेलात, शेजारच्या टेबलावर पाच मिनिटं हवा होता. काम झालं, अन् हाताच्या सवयीने कपाटात ठेवून दिला. मे महिन्यात रिटायर होतोय... तोंड उघडायचा धीर झाला नाही."

संतापायला हवं होतं मी. "परत सांगा," म्हटलं. त्यांनी परत सांगितलं. मी तिसऱ्यांदा सांगायला लावलं.