मसाई पठारावर एक ते दोन

फुलेवाडी, कोल्हापूर
११ फेब्रुवारी २०२५

चि. तेजू,

आज्जीचा आशीर्वाद. इकडं सगळी बरी आहेत, म्हणजे या वयात जेवढं बरं असायचं तेवढी. माझे गुडघे माझ्यापेक्षा म्हातारे झालेत. म्हैस व्याली, रेडी झाली. तुझ्या धैर्यशीलदादाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली, ते तुला कुणीतरी सांगितलं असेलच. हे पत्र त्याची बायको अनुजा लिहितेय. मी 'हाय' म्हटलं की ती 'आहे' लिहिते, आणि मी कुणाला शिवी दिली की पेन थांबवून माझ्याकडं बघत बसते. पेन तिच्या हातात, तेव्हा राज्य तिचं.

तर सांगायचं असं, की परवाच्या रविवारी मी ट्रीपला जाऊन आले. हसू नकोस. तुझ्या त्या 'मेघदुर्ग' मालिकेचं शूटिंग जिथं जिथं झालं, ती ठिकाणं दाखवायला रंकाळ्यापासनं गाडी सुटते. अमरसिंह म्हणून पोट सुटलेला एक गडी आहे, गाडीही तोच चालवतो आणि माहितीही तोच देतो. सोबतीला अनुजा होती. घरात आम्ही वाडीला दत्ताच्या दर्शनाला जातो म्हणून सांगितलं. ते खोटंही नव्हतं. गाडी आधी वाडीलाच गेली.

गाडीत बारा माणसं, त्यातली दहा तुझ्यापेक्षा लहान. एकीनं पाठीला पिसांचे पंख बांधलेले. त्यामुळं बिचारीला टेकता येईना, नृसिंहवाडीपर्यंत वाकूनच बसली. मला म्हणाली, "आज्जी, तुम्ही पण बघता मेघदुर्ग?"

"बघती की. शेजारच्या बनाबाईच्या घरात. आमच्यात लावत न्हाईत."

"का?"

"आमच्या कृष्णाताला उडणारी घोडी बघून चक्कर येती."

तुझ्या बापाच्या चकरेचं खरं कारण तिला कशाला सांगू? मालिकेत तू शिळावती झालेलीस, शापानं दगड होऊन किल्ल्याच्या वेशीवर उभी. तोंडाला राखेचा रंग फासलेला, तरी पहिल्याच दिवशी मी ओळखली. दूध तापेस्तोवर चुलीपाशी एका पायावर भार देऊन उभी राहायचीस, तशीच तिथं उभी. बनाबाईला म्हटलं, "ही शापानं दगड झालेली न्हाई. ही कंटाळलीया."

वाडीच्या पलीकडं नदीवर अमरसिंहानं राणीची नाव बुडाली ती जागा दाखवली. पोरं फोटो काढायला पळाली. मी विचारलं, "पावणं, शिळावती कुठं उभी हुती?" त्यानं एक खडक दाखवला. मी जाऊन त्यावर हात ठेवून आले. पुढच्या जागेवरही मी तेच विचारलं. मग तो म्हणाला, "आज्जी, सगळी राणीचं इचारत्यात, तुमाला शिळावतीचंच लई पडलंय."

"राणी लई बोलती," मी म्हटलं. "मला गप बसणाऱ्या पोरी आवडत्यात. आमच्यात एक हुती."



मसाई पठारावर पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. गवत पार पिवळं पडलेलं, तळ्यात थोडं पाणी, आणि वारा असा की नऊवारी सांभाळू का चष्मा सांभाळू. तिथं वेशीची एक कमान अजून उभी आहे, आणि कमानीखाली तू आहेस. मला माहीत नव्हतं. अमरसिंहानं सांगितलं, की तुला तास न् तास उभं राहायला लागू नये म्हणून लांबनं दिसायचं असेल तेव्हा पुतळा ठेवायचे, आणि त्याच्या तोंडाचा साचा तुझ्याच तोंडावरनं घेतलेला. कुणीतरी त्याला काळा गॉगल घातला होता. मी तो काढला. पदरानं तोंड पुसलं. डाव्या भुवईतला तो वण, गोठ्याच्या दारावर आपटलीस तेव्हाचा, तोसुद्धा उमटलाय. नाक मात्र पावसानं झिजलंय. तुझं नाक तुझ्या आजोबांवर गेलेलं, दोघांना पुरेल एवढं, त्यामुळं थोडं झिजलेलं शोभतंय.

चार वर्षांनी तुझ्या गालाला हात लावला. गार होता. याच्यावर जास्त सांगत नाही, अनुजाला लिहायला दिसलं पाहिजे.

बाकीचे फिरून आले, तसा अमरसिंह म्हणाला, "चला आज्जी, पन्हाळ्यावर जेवण सांगितलंय."

"तुम्ही जावा जेवून. मी दोन वाजेपर्यंत हितंच."

"दोनला हितं काय हाय?"

"सुट्टी संपती."

त्याला काही कळलं नाही. अनुजानं त्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं, आणि तो मुकाट्यानं गाडी घेऊन गेला.

तुला मात्र कळलं असेल. कारण ते तूच लिहिलं होतंस.

तेजू, तुझं पत्र आलं होतं. चार वर्षांपूर्वी, थंडीत, दुपारी. पोस्टमननं माझ्या हातात दिलं आणि वर तुझं नाव सांगून गेला. घरात दुसरं कुणी नव्हतं. वाचणार कोण? कृष्णात तेव्हा तुझं नाव काढलं तरी ताटावरनं उठायचा. सुपारी फुटल्यावर आठ दिवसांत तू मुंबईला गेलीस, जयसिंगपूरच्या पाव्हण्यांसमोर त्याला मान खाली घालायला लागली, ते त्याच्या अंगातनं गेलं नव्हतं. धैर्यशील बापापुढं बोलायचा नाही. बनाबाई माझ्यासारखीच, अंगठेबहाद्दर. शाळेतल्या मास्तरांकडं नेलं असतं, तर रात्रीपर्यंत सगळ्या फुलेवाडीला पाठ झालं असतं. म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवलं.

हे सगळं खरं आहे, पण हे कारण नव्हे. मला वाटलं, तू लिहिलं असशील की आज्जी, मी आता परत येणार नाही. जोवर कुणी वाचलं नाही तोवर तू तसं म्हटलेलं नाहीस, असं मी धरून चालले. घरात कुणी नसलं की काढायची, उलटंसुलटं बघायची. शेवटच्या ओळीवर तू पेन लई दाबलेला, मागच्या बाजूनं बोटाला लागतो. मी त्या ओळीवरनं बोट फिरवायची आणि म्हणायची, रागानं लिहिलंय पोरीनं.

या संक्रांतीला डबा उन्हात घालताना अनुजाला ते सापडलं. तिनं मला बसवून वाचून दाखवलं. तू लिहिलं होतंस, की महिनाभर इकडंच आहे, आधी वाडीपलीकडं नदीवर, मग मसाई पठारावर, मग नेसरीकडच्या डोंगरात. जेवणाची सुट्टी दुपारी एक ते दोन, तेवढा वेळ मी मोकळी असते. आणि ती दाबलेली ओळ: "आज्जी, बाबांना विचारू नकोस, नुसती ये."

अनुजानं ती ओळ दोनदा वाचली. मी तिला तिसऱ्यांदा वाचायला लावली.

म्हणून त्या दिवशी एक ते दोन मी तिथं बसले. पहाटे उठून भाकरी थापलेल्या, भरलं वांगं आणि खर्डा नेला होता. डबा उघडला. अनुजाला वाटलं, मी एक घास पुतळ्यापुढं ठेवीन. ठेवला नाही. नैवेद्य देवाला दाखवतात, नाहीतर गेलेल्या माणसाला. तू दोन्ही नाहीस. तुझ्यासमोर बसून मीच जेवले, आणि तुझी भाकरी अनुजाला खायला लावली. वांगं जरा खारट झालं होतं. तू असतीस तर बोलली असतीस.

नेसरीकडं अमरसिंहाची गाडी जात नाही. ते ठिकाण राहिलंय. तिथला तुझा खडक तुझ्याशिवाय मला कोण दाखवणार?

आता राहिलेलं सांगते. अनुजा, थांबू नकोस, लिही.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत फराळ करताना कृष्णात एकाएकी म्हणाला, "आई, तिनं चार वळी जरी लिवल्या असत्या, तर मी सकाळच्या पैल्या गाडीनं तिला आणायला गेलो असतो." माझ्या हातात करंजी होती. तुझं पत्र माझ्यापासनं चार हातांवर डब्यात होतं. मी म्हटलं, "घे की आजून एक करंजी."

तुझा बाप समजतो, तू लिहिलं नाहीस. तू समजतेस, आम्ही आलो नाही. मध्ये मी बसले होते, आणि तुम्ही दोघं मलाच बिचारी म्हणत असाल.

ट्रीपचं त्याला कळलं. पंखवाल्या पोरीनं माझा पुतळ्यासोबतचा फोटो काढलेला, तो कुठनंतरी त्याच्या मोबाईलवर आला. मला वाटलं, आता ओरडतो. "पुतळा कसा हाय?" एवढंच विचारलं. म्हटलं, नाक झिजलंय. तो गोठ्यात गेला. थोड्या वेळानं परत दारात येऊन उभा राहिला. "लई झिजलंय का?"

तू आता कुठं काम करतेस, काय खातेस, मला ठाऊक नाही. ती मालिका संपली, आता लागतात ते जुनेच भाग, असं बनाबाईनं सांगितलं. तुझ्या पत्रावरचा पत्ता अजून तोच आहे, हे अनुजानं विचारून घेतलंय. ती म्हणत होती, मोबाईलवर दोन ओळी टाकते, लगेच पोचतील. मी नको म्हटलं. तुझ्या पत्राचं उत्तर राहिलंय माझ्याकडं, ते पत्रानंच गेलं पाहिजे.

ये, तेजू. मी बोलावतेय. उत्तर आलं नाही तर मी रागावणार नाही. तुला वाचून दाखवायला कुणी भेटलं नसेल, असं समजेन.

पत्र उद्या पेटीत पडेल. त्याआधी आज संध्याकाळी, धार काढून कृष्णात आत आला की, अनुजा हे सगळं त्याला मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, करंजीसकट. मी समोर बसणार आहे. तो काय म्हणेल ते यात लिहिलेलं नसेल, कारण ते मला अजून माहीत नाही. पण हा कागद तुझ्या हातात पोचला, तर एवढं समज, की तुझ्या बापानं तो फाडला नाही.

तुझ्या मागनं चार वर्षांनी तिथवर येऊन पोचलेली,
तुझी आज्जी
चिमणाबाई