मुंग्यांचा कौल

पोंभुर्णा, चैत्र वद्य पंचमी

तीर्थस्वरूप मुखरूभाऊंना धाकट्या इस्तारीचा साष्टांग नमस्कार. (जुळ्यात अर्ध्या घटकेने मोठा म्हणून जन्मभर नमस्कार घेतोस, हाही घे.) जिवतीच्या डोंगरात तुझी ज्वारी, तुझे सासरे आणि तुझे गुडघे खुशाल असतीलच. इकडचं कुशल मात्र सध्या मुंग्यांच्या हाती आहे.

तलावाचा ठेका घेतल्यापासून (जाळं आता गडी ओढतात, मी काठाच्या पाळीवर बसून ओरडतो) माझं पोट पुढे नि मी मागे, असे आम्ही चालतो. परवा गमतीने धानाच्या काट्यावर बसलो, तर एक पोतं भरून वर पायली निघालो. लोक हसले, मला बाबा आठवले. चाळिशीत असेच फुगले, मग तहान लागली, मग पायाची जखम भरेना, नि पंचेचाळिशीत गेले. त्यांच्या लघवीला मुंग्या लागत, हे आपण दोघांनी पाहिलेलं. म्हणून घरामागच्या वाडीत बसून उठल्यावर मीही वळून पाहिलं, तर मुंग्यांची ही रांग! तीन दिवस भात सोडला, माझ्यामागे काय काय करायचं ते आमच्या घरधनिणीला, कुंताला समजावलं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "अजी, तिथी मी मोहफुलं वाळू घातली होती. मुंग्या त्याले आल्या, तुमाले कोन पुसते?" त्या आनंदात तीन दिवसांचा भात एका बैठकीत जेवलो. मग खात्रीसाठी तलावापलीकडे, मोहाचं झाडही नाही अशा दगडाशी गेलो. तिथेही आल्या.

चांद्याच्या डॉक्टरांना (पोट आत ओढून) विचारलं, आम्हा जुळ्यांचं बी एकच, मग भाऊ काडी नि मीच ढोल काऊन? म्हणाले, बी एकच असलं तरी कोणत्या बांधीत काय उगवेल ते पाण्यावर असतं. वाडवडिलांचं काहीबाही अंगात निजून असतं, बसून खाणाऱ्याच्या अंगात ते जागं होतं. म्हणजे बाबा माझ्यात उठून बसलेत, तुझ्यात अजून घोरताहेत. मला फार भीती वाटते रे भाऊ. लघवी तपासायला त्यांनी बाटली दिली, ती कोरडीच खुंटीला टांगली आहे.

तुझा,
इस्तारी

ता. क. खरं काम हे, की बाटली आमच्या जाळ्यावरच्या गड्याबरोबर, बुधूबरोबर पाठवतो आहे. बी एकच, तेव्हा तुझीच भरून दे. वर नाव मी माझं लिहीन.

ता. क. दुसरा. कुंताने वरचं वाचलं. म्हणते, "डॉक्टरले फसवान, पायाच्या जखमेले कसे फसवान?" तेव्हा बाटली पाठवत नाही. तूच आधी एखाद्या दगडाशी जाऊन बघ. मुंग्या आल्या तर जोडीने चांद्याला जाऊ. नाही आल्या तरी ये. मला एकट्याने ती बाटली भरवत नाही.