पाठीवरचा वारा

३ मार्च, रविवार

आज पुन्हा तिथे गेलो. गाडी लावायला जागा नव्हती. म्हणजे काही बदललेलं नाही. मागच्या महिन्यात जिथे एक बाई मेली, तिथे आज सुट्टी म्हणून झुंबड.

ती बाई म्हणजे माझी बायको. हिने हा खेळ चाळिशीनंतर धरला. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला खोलीएवढा पतंग, पायाखाली फळी. वारा ओढेल तसं पाण्यावरून पळायचं. शाळेत गणित शिकवणारी, पंख्यावरची धूळ पुसायला स्टुलावर चढायचं तर मला हाक मारणारी, आणि हे. मी हसलो होतो तेव्हा. ही नाही हसली.

एवढा समुद्र पडलाय. पण सगळे त्या एका वाळूच्या पट्ट्यावर, एकमेकांच्या दोऱ्या ओलांडत. आणि शेजारी दगडी बांध. तिथेच हिच्या दोऱ्यांत दुसऱ्याच्या दोऱ्या अडकल्या. हिचा पतंग फिरला आणि त्याने हिला बांधावर नेऊन आपटलं.

तो दुसरा म्हणजे एक दातांचा डॉक्टर. आज दिसला नाही. दिसला असता तरी मी काय करणार होतो?

५ मार्च

मेहुणी डबा घेऊन आली. "भाऊजी, ताई आवडीचं करता करता गेली हो." भेटायला येणारे सगळे हेच म्हणतात. हिला पेपर तपासायलाही आवडायचं. त्यात कोणी मरत नाही.

डबा चांगला होता. तिला तसं सांगितलं नाही.

१० मार्च, रविवार

आज विचारलंच. तिथला जुना माणूस म्हणजे दाढीवाला, नवख्यांना शिकवतो तो. मी कोण हे कळल्यावर त्याने पतंग खाली ठेवला. म्हणाला, "बाईंचे मिस्टर?" तिथेही हिला बाईच म्हणायचे. मला माहीत नव्हतं.

म्हटलं, एवढे किनारे आहेत, मग सगळे इथेच का मरायला येता?

शब्द तोंडातून गेल्यावर कळलं काय बोललो ते. त्याने पतंगाच्या दोऱ्या गुंडाळल्या. नंतर एकेक कारण सांगत बसला. इथे वारा समुद्रावरून तिरका आणि साफ येतो. पतंग उचलायचा तर पलीकडच्या टोकाला धरून उभा राहणारा माणूस लागतो, इथे तो मिळतो, ओळख असो-नसो. आपण अंगठा दाखवला की तो सोडतो. उतरताना पकडायलाही कोणीतरी असतं. काही बिघडलं तरी वारा पुढच्या वळणात वाळूवरच आणून टाकतो.

"हिला नाही टाकलं," म्हटलं.

पलीकडून कोणीतरी ओरडलं, "दाढी, ये रे, धर माझा!" आणि तो खरंच गेला. मला "येतो हं" म्हणून गेला, आणि कोणाचा तरी पतंग धरून उभा राहिला.

मेंढरं. एक जिथे चरतं तिथेच सगळी. वर पुन्हा ऐटीत कारणं सांगायची.

१२ मार्च

ऑफिसात दिवसभर एका सांडपाण्याच्या लाइनचा नकाशा. शेजारच्या टेबलावरचा मला हल्ली काम देताना आवाज बारीक करतो. जणू मीच आजारी आहे.

नकाशावरून आठवलं. मागच्या वर्षी मी हिला एक किनारा शोधून दिला होता. कितीतरी रविवार बसलो होतो त्याला. ऑफिसातून मोठे नकाशे आणले, वाळूची रुंदी मोजली, खडक कुठे आहेत ते पाहिलं, रस्ता पाहिला. त्या गर्दीच्या जागेपेक्षा दुप्पट रुंद. बांध नाही. पाण्यात खडक नाहीत. घरापासून जवळ. आणि चिटपाखरू नाही. स्वच्छ कागदावर काढून, रंग भरून दिला. हिने बराच वेळ पाहिला. "किती छान काढलाय," म्हणाली.

आणि पुढच्या रविवारी निघाली ती पुन्हा गर्दीतच. मी विचारलं. म्हणाली, "मला आपली माणसं लागतात रे आजूबाजूला."

ते लागलं मला. मी कमी बोलतो हे लग्नाआधीपासून ठाऊक होतं तिला. घरात जे नव्हतं ते तिथे शोधायची, असाच अर्थ ना? पुन्हा विषय काढला नाही. तिनेही नाही.

माझ्या किनाऱ्यावर गेली असती तर आज असती.

१७ मार्च, रविवार

आज त्या गर्दीत नाही गेलो. माझ्या किनाऱ्यावर गेलो. पहिल्यांदाच. नकाशातच पाहिला होता, प्रत्यक्षात कधी पाय ठेवला नव्हता. मागे टेकडी, पुढे स्वच्छ वाळू, पाणी आरशासारखं. लाट नाही. समुद्राकडे तोंड करून बसलो तर पाठीवर छान वारा.

इथे कोणी कोणाला अडकलं नसतं.

बसल्या बसल्या इतका राग आला हिचा, की मोठ्याने बोललो. काय बोललो ते लिहीत नाही.

१८ मार्च

किनारा खात्याच्या साहेबांनी बोलावलं होतं. अपघाताची सुनावणी. दाढीवाला आणि आणखी तिघे-चौघे आले होते. दातांचा डॉक्टरही. भिंतीला टेकून उभा, खुर्ची रिकामी असून बसला नाही. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. हरकत नाही.

साहेब म्हणाले, तुमचं काय म्हणणं आहे? मी म्हटलं, ती जागा बंद करा.

"अहो, पण मग लोकांनी जायचं कुठे?"

मी नकाशा टेबलावर पसरला. तोच, हिला दिलेला. हिच्या कपाटात नीट घडी घालून ठेवलेला सापडला. साहेबांनी चष्मा लावला. "असा नकाशा तर आमच्या खात्याकडेही नाही हो."

दाढीवाला म्हणाला, "साहेब, तिथला वारा बरोबर नाही." बघा! आता वारासुद्धा यांच्याच बाजूचा. साहेब म्हणाले, गेलेल्या बाईंचे यजमान सांगताहेत, त्यांच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही? तो गप्प बसला. माझ्या दुःखाचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला.

हिच्या मरणाला काही अर्थ यावा एवढंच मागतोय. ती जागा बंद झाली की दुसऱ्या कोणाची बायको तिथे मरणार नाही. बास.

२२ मार्च

लेकीचा फोन. "बाबा, आईला हे आवडलं असतं का?"

म्हटलं, आईला विचारायची सोय राहिलेली नाही.

रडली. मी फोन धरून बसलो. समजूत घालता येत नाही मला. ते खातं हिचं होतं.

२९ मार्च

आदेश निघाला. जुनी जागा पतंगांना बंद, गेलं तर दंड. माझ्या किनाऱ्यावर पाटी लागली — पतंगासाठी नेमलेली जागा. बाण काढलाय, माझ्या नकाशातल्यासारखाच.

मेहुणी म्हणाली, "जिंकलात भाऊजी." आनंद झाला असं म्हणवत नाही. पण आज जेवलो नीट.

१ एप्रिल

संध्याकाळी दातांचा डॉक्टर घरी आला. दार उघडलं तर हा. मी बाजूला झालो नाही. तो बाहेरच उभा. म्हणाला, "मला आत घेऊ नका. पण ऐका."

काल दोन नवे गडी पाटी बघून माझ्या किनाऱ्यावर उतरले. वाळूवर वारा मंद वाटला म्हणून मोठा पतंग लावला. थोडे आत गेले आणि टेकडीचा आडोसा संपला. वाऱ्याने उचलून थेट समुद्रात नेलं. एक मासेमारीची बोट परतत होती म्हणून सापडले. एकाचा खांदा निखळला. "जुन्यांपैकी कोणी तिथे जाणार नाही," म्हणाला, "आम्हाला माहीत आहे. नव्यांना माहीत नाही. त्यांना पाटी दिसते."

तुम्हाला कसं माहीत, म्हटलं.

खाली बघत म्हणाला, "आम्ही गेलो होतो तिथे. बाई, मी आणि माझी बायको. मागच्या वर्षी, नकाशा मिळाला त्याच आठवड्यात. बाईंनीच नेलं. नकाशा घेऊन. म्हणाल्या, आमच्या ह्यांनी शोधलाय, बघू तरी."

मी दाराची कडी धरून उभा.

"पहिल्या त्याच उतरल्या. वारा जमिनीकडून, टेकडीवरून झटक्याझटक्याने येतो. धक्क्यात नेलं त्यांना. पतंग सोडून दिला, फळी सोडून दिली, पोहत आल्या. वाळूवर पडून हसत होत्या. मग आम्हाला दम दिला. घरी यातलं अवाक्षर न्यायचं नाही. म्हणाल्या, माझ्या खेळात पहिल्यांदा लक्ष घातलंय त्याने, रंग भरून दिलाय नकाशा. त्याला काय सांगू, तुझ्या किनाऱ्याने मला बुडवलं असतं?"

तर घरातून जो पतंग दिसेनासा झाला होता, तो हा. दुरुस्तीला दिलाय, मग विकला, असं काहीतरी सांगितलं होतं. मी ऐकलंही नव्हतं नीट.

"मग सुनावणीत का गप्प बसलात?"

"बाईंना शब्द दिला होता. आणि मी कोणत्या तोंडाने बोलणार होतो?" मग म्हणाला, "चूक माझी होती. वळताना मागे बघितलं नाही मी. जागेची चूक नव्हती. शिक्षा करायची तर मला करा."

दार लावून घेतलं. पाणीही विचारलं नाही.

२ एप्रिल

खोटं बोलतोय. स्वतःची जागा परत मिळवायला मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालतोय.

पण "आमचे हे" असं एरवी मला अरे-तुरे करणारी ही चेष्टेतच म्हणायची. ते याला कुठून कळलं?

७ एप्रिल, रविवार

पाण्याचे दोन रिकामे कॅन गाडीत टाकून गेलो. माझ्या किनाऱ्यावर. टेकडीकडून तोच छान वारा, पाठीवर. मागच्या वेळी बसलो होतो तेव्हा डोक्यात आलं नाही, की समुद्राकडे तोंड असताना वारा पाठीला लागतो, म्हणजे तो समुद्राकडे चाललाय. शाळेतल्या मुलाला कळेल. नकाशात वारा काढत नाहीत. मी जन्मभर नकाशेच काढले.

गुडघाभर पाण्यात जाऊन एक कॅन सोडला. आधी रेंगाळला. मग टेकडीच्या सावलीबाहेर गेला आणि जो सुटला तो सुटलाच. ठिपका झाला. मग तोही नाही.

तिथून गर्दीच्या जागेवर गेलो. तिथे आदेश धाब्यावर बसवून दहा-बारा जण उतरलेले. दुसरा कॅन सोडला. पुढे वळणात वाळूवर येऊन पडला. एका मुलीने उचलून आणून दिला. "काका, कचरा पाण्यात टाकू नका."

सॉरी म्हटलं.

गाडीत बसून राहिलो. हिने खोटं सांगितलं मला. माणसं लागतात म्हणे! माझं मन राखायला असं खोटं शोधलं, की वर्षभर तेच डाचत राहिलं. खरं सांगितलं असतंस तर काय झालं असतं? रात्रभर तोंड पाडून बसलो असतो. दुसऱ्या रविवारी पुन्हा नकाशे काढून बसलो असतो. बुडता बुडता वाचलीस आणि घरी येऊन मला काय सांगितलंस? केस ओले होते का त्या दिवशी? आठवत नाही. काहीच आठवत नाही.

८ एप्रिल

खात्यात गेलो. साहेबांना सांगितलं, माझं चुकलं, पाटी काढा. साहेब हसले. मग पाहिलं की मी चेष्टा करत नाही.

"अहो, तुमच्याच सांगण्यावरून झालं ना सगळं?"

हो.

"मग आता पुन्हा सुनावणी लावावी लागेल. पुढच्या महिन्यात बघू." नकाशा भिंतीवर लावलाय त्यांनी. काच बसवून.

म्हटलं, तोवर कोणी बुडालं तर? म्हणाले, "दुःखात माणसाचं असं होतं. घरी जा, विश्रांती घ्या."

माझ्या शब्दाला किंमत होती, तो त्यांच्या सोयीचा होता तोवर.

९ एप्रिल

डॉक्टरला फोन केला. तुम्ही म्हणालात ते खरं होतं, एवढंच सांगितलं. तो रडायला लागला. मी फोन ठेवला. त्याला मी माफ केलेलं नाही. तेही इथे असू दे.

१४ एप्रिल, रविवार

उजाडल्यापासून पाटीखाली खुर्ची टाकून बसलो. उशिरा एक गाडी आली. नवरा-बायको, नवे पतंग, घड्यासुद्धा मोडलेल्या नाहीत. म्हटलं, इथे नका उतरू. तो म्हणाला, पाटी आहे की इथे. म्हटलं, ती माझ्यामुळे लागलीय, चुकीची आहे.

"तुम्हाला काय माहीत?"

"माझ्या बायकोने करून बघितलंय."

"मग जायचं कुठे?"

"गर्दी आहे तिथे. दंड मागितला तर माझं नाव सांगा."