पुढच्या चाकांचे चार स्क्रू

पिंपळे गुरव,
रविवार, दि. ९ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७ वाजून २० मिनिटे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे लिहिताना तुझी दगडांवर चढणारी रिमोटची गाडी समोर पाटावर उलटी ठेवली आहे आणि तिचं पुढचं चाक मी बोटाने हलवून पाहतोय. दोन्ही पुढची चाकं लटलटतात. काल नदीकाठी तिसऱ्याच दगडावर अ‍ॅक्सल एका बाजूला सरकला. तीस तारखेला मोशीच्या खाणीत स्पर्धा आहे आणि नाव तुझं दिलेलं आहे.

पुनमवहिनी म्हणाली की येत्या रविवारी व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडायचा अर्ज तू लिहून ठेवलायस. कारण दिलंयस गाडीचं. गाडी म्हणे तुझ्याशिवाय कोणाकडून दुरुस्त होणार नाही. तर मग ती मीच दुरुस्त करणार. कशी, ते लिही. पंचेचाळीस दिवस म्हणजे पंचेचाळीस. आई कॅलेंडरवर रोज एक फुली मारते.

तिथे फोन चालत नाही म्हणून चिठ्ठी वहिनीजवळ देतोय. उत्तर तिच्याच हाती दे.

लोभ आहे, तो असाच राहू दे.
तुझा,
गोरक्ष

तळेगाव दाभाडे,
९ नोव्हेंबर

चि. गोरक्षास,
अनेक आशीर्वाद.

नववीतून शाळा सोडलेल्या माणसाने इतकं शुद्ध लिहिलेलं पाहून इथल्या सरांनी तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. माझ्या चुका काढत बसू नकोस.

भावा, ते काम तुझ्या हातचं नाही. तरी सांगतो. प्रत्येक पुढच्या चाकामागे अ‍ॅक्सलला दोन स्क्रू आहेत, मिळून चार. ते काढ. माझ्या डब्यात स्क्रू-लॉकची, म्हणजे स्क्रू धरून ठेवणाऱ्या गोंदाची, छोटी निळी बाटली आहे, त्यातला एकेक थेंब लाव आणि परत आवळ. नाही जमलं तर रविवारी मी येतोच आहे. पुनमला म्हणावं अर्जावर सही कर, घरच्यांच्या सहीशिवाय सोडत नाहीत. मी बरा आहे. हात थरथरत नाहीत. चहा मात्र नुसतं गरम पाणी.

आईला नमस्कार.
रविराज

पिंपळे गुरव,
गुरुवार, दि. १३ नोव्हेंबर, सकाळी ६ वाजून ५ मिनिटे. कंपनीची बस साडेसहाला.

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चुका काढल्या नाहीत. पण 'थरथरत नाहीत' हेच शब्द वाकडे आलेत.

चारही स्क्रू काढले, थेंब लावला, आवळले. आमच्या लाइनवर बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यावरून बाजूच्या लोखंडावर पिवळी रेघ ओढतात. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. तशा चार रेघा ओढल्या. वीस मिनिटं दगडांवर चालवली. चारही तुटल्या. बाटली जुनी झाली असेल म्हणून नवी आणली, तरी तेच. काय चुकतंय ते कळेपर्यंत मी सोडणार नाही.

सही करू का, असं वहिनीने मला विचारलं. मागच्या खेपेला तू विसाव्या दिवशी घरी आलास आणि पंधरा दिवसांत पुन्हा सुरू झालं, हे तिला सांगायची गरज नव्हती. रविवारपर्यंत थांब म्हणालो.

राग नसावा, लोभ असावा.
गोरक्ष

तळेगाव दाभाडे,
१३ नोव्हेंबर

चि. गोरक्षास,
आशीर्वाद.

काय राव! कंपनीत बोल्ट आवळण्याआधी तेलात बुडवता ना? इथेही बुडवलेस? तेलावर लॉक धरत नाही. स्क्रू आणि भोकं पेट्रोलच्या फडक्याने कोरडी होईपर्यंत पूस, मग थेंब लाव.

आणि चोवीस तास हात लावू नकोस. तासाभरात वरून सुकल्यासारखं दिसतं, चालवून बघावंसं वाटतं. आत ओलंच असतं. तेव्हा हललं की गेलं, पुन्हा पहिल्यापासून. मी तीनदा घाई केली आणि तिन्हीदा फसलो.

अर्ज उशाखाली आहे. रविवारी भेटू.
रविराज

पिंपळे गुरव,
रविवार, दि. १६ नोव्हेंबर, सकाळी ७ वाजून १५ मिनिटे. वहिनी चप्पल घालून उभी आहे.

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बुडवले होते. हात आपोआप तेलाच्या डबीकडे गेला, लाज वाटली.

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी चौथा स्क्रू आवळला आणि गाडी कपाटावर ठेवली. आईलाही हात लावू दिला नाही. ती म्हणाली, गाडी हाय का लोणचं. शनिवारी ओव्हरटाइम सोडून सहा वाजून दहा मिनिटांनीच खाली काढली. चाळीस मिनिटं चालवली, दोनदा उलटली. चारही रेघा सरळ आहेत. चाकं हलत नाहीत. म्हणजे अर्जातलं कारण संपलं.

वहिनीच्या पिशवीत पेन आहे. सही करू नको असं मी म्हटलेलं नाही. तुझं पत्र तेवढं तिला वाचून दाखवलं, 'तासाभरात वरून सुकल्यासारखं दिसतं' तिथपासून. आज तुझे तेहतीस दिवस झाले.

तुझा लोभ हवाच आहे, पण पूर्ण बरा होऊन.
गोरक्ष

तळेगाव दाभाडे,
१६ नोव्हेंबर

चि. गोरक्षास,
आशीर्वाद.

कोरा कागद मागितला नाही, अर्जाच्याच पाठीवर लिहितोय. पुनमने पेन पुढे केलं, ते मीच घेतलं.

गाडी तीस तारखेपर्यंत कपाटावर राहू दे. खाणीत रिमोट मी धरणार, तू रेघा बघायच्या. हात अजून थरथरतात, हे आईला सांगू नकोस. तिला एवढंच सांग की फुल्या मारायच्या राहिल्या बारा.

रविराज