सुभेदार मिरजेला जाऊन आला

उंब्रज,
रविवार

प्रिय हंबीर,

सुभेदार वाचला. आमचा, चार पायांचा. दोन पायांचा सुभेदार वडूजला मिशीला पीळ देत मजेत असेल असं धरून चालतो. तसं नसेल तर त्याविषयी शेवटी बोलू.

पत्र बघून तू म्हणशील, मास्तरचा फोन मोडला की काय. फोन धडधाकट आहे. पण तू तो स्पीकरवर टाकून, वायरलेसवर बोलल्यासारखा बोलतोस. मी इकडून काय म्हणतो ते साळूवहिनी ऐकतात, मटार सोलता सोलता सूनबाई ऐकते, आणि ओट्यावर कोणी टेकलेलं असेल तर तोही मधूनच मला सल्ला देतो. मागे मी माझ्या गुडघ्याचं सांगितलं, तर तुझ्या गावातल्या एका अनोळखी गृहस्थाने मला एरंडाची पानं बांधायला सांगितली. बांधली. गुडघा तसाच आहे. तर हे पत्र एकट्याने वाच. चष्मा सापडत नाही म्हणून सूनबाईकडे वाचायला देऊ नकोस.

चार वर्षांपूर्वी तू फौजेच्या पिशवीतून मूठभर पिल्लू आणून मंगलच्या ओच्यात टाकलंस, त्याचा आता साडेपाच किलोचा बोका झालाय. त्याचं नाव तुझ्या हुद्द्यावरून का ठेवलं हे तू दर भेटीत विचारतोस. मिशा हे एक कारण. दुसरं असं, की तो रोज पाच वाजता अंगणाची फेरी मारतो, प्रत्येक कुंडीपाशी थांबून नाराजीने बघतो आणि काहीही न करता परत येऊन जेवायला मागतो. आमची राजनंदिनी पुण्याहून त्याच्यासाठी कोरड्या खाण्याची पाकिटं पाठवते. ती त्याला फार आवडतात. पाणी मात्र तो देवाच्या तीर्थाइतकंच घेतो. यात काही बिघडतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

गेल्या सोमवारी सकाळी तो त्याच्या वाळूच्या घमेल्यात जाऊन बसला. बसला तो बसलाच. उठला, वाळू उकरली, पुन्हा बसला. असं पाच-सहा वेळा झालं. मी चहाचा कप घेऊन शेजारीच उभा होतो. मला सगळं दिसत होतं. वाळू कोरडी होती. शेवटी कसाबसा एक थेंब पडला, तोही लालसर. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता माझी चूक सांगतो. माया तुला आठवत असेल. दहावीला संस्कृतात शंभरपैकी शंभर घेतलेली, मी जिचे पेढे तुलाही खाऊ घातले होते ती. आता ती जनावरांची डॉक्टर आहे आणि मिरजेत कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवते. मी शाळेत गेल्यावर मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीतून तिला फोन लावला. समोर मुख्याध्यापक डबा खात होते, शेजारी दोन शिक्षिका वह्या तपासत होत्या. मायाने विचारलं, काय होतंय सर त्याला? आणि हंबीर, मी म्हणालो, पोटाची तक्रार आहे, कोठा साफ होत नाही.

मी धादांत खोटं बोललो. आपल्याकडे कोठ्याचं बरं असतं. बद्धकोष्ठावर पंगतीत चर्चा चालते, पाहुणे निघताना इसबगोलाचं प्रमाण सांगून जातात. पण त्याच्या शेजारच्या खात्याचं नाव काढायचं नाही. त्यातून समोर विद्यार्थिनी, भोवती शिक्षिका. जुन्या वैद्यकात मूत्राची आठ कृच्छ्रं आणि तेरा आघात, म्हणजे कष्टाने होण्याचे आणि अडण्याचे प्रकार, सांगितलेत. मला ते क्रमाने तोंडपाठ आहेत, मी ते मुलांना समास सोडवायला घातलेत. तोंडपाठ होते, पण तोंडातून एकही निघाला नाही. मायाने कोठ्याचं पातळ औषध सांगितलं, संध्याकाळपर्यंत वाट बघा म्हणाली. मुख्याध्यापकांनी डब्यावरून मान वर करून सांगितलं, पपई द्या त्याला.

औषध दिलं. सुभेदार खाटेखाली जाऊन बसला तो जेवायलाही बाहेर आला नाही. मंगलने दोनदा विचारलं, डॉक्टरीणबाईंना नीट सांगितलंत ना? मी दोनदा हो म्हणालो.

मंगळवारी सकाळी त्याने उलटी केली आणि आडवा पडला. मंगलने पोटाला हात लावला तर तो ओरडला. इतक्या वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. मी फोन लावला, माया बोलली, आणि मी पुन्हा पोटापासून सुरुवात केली. मंगलने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, अगं, पोट न्हाई, त्याला लघवी होईना. कालपासून थेंब न्हाई. माया एवढंच म्हणाली, काकू, अंघोळीला थांबू नका, आत्ता निघा.

शेजारच्या आप्पासोला उठवलं. त्याची ओम्नी आहे, खताच्या पोत्यांच्या वासाची. तो दाराशी येऊन म्हणाला, मास्तर, माणसं जात्यात मिरजेला. मांजरासाठी मिरज म्हंजे लय झालं. मंगल टोपली घेऊन गाडीत बसतच म्हणाली, तुमी गाडी काढा, पुढं बोला. त्याने काढली. कऱ्हाडपर्यंत तो बोलत होता, त्यानंतर टोपलीतला आवाज ऐकून गप्प झाला आणि अशी गाडी हाणली की मला येणारी सगळी स्तोत्रं इस्लामपूरच्या आत संपली.

आष्ट्याजवळ उसाच्या ट्रॉल्या. एक पंक्चर होऊन आडवी उभी, मागे चार. आप्पासो उतरून ओरडला, सरका की रं, आत पेशंट हाय. दोघे ट्रॅक्टरवाले धावत आले, गाडीत डोकावले. पेशंट कुठाय? मंगलने टोपलीचं झाकण उचललं. एकजण हसायला लागला. दुसरा, चाळिशीचा असेल, हसला नाही. काय झालंय विचारलं, मंगलने सांगितलं. तो म्हणाला, माझ्या बाचं आसंच तुंबलं हुतं. लाजंपायी बोलला न्हाई कुणाला. मग त्याने स्वतः ट्रॅक्टरवर चढून, शिव्या देत-घेत, आमच्यापुरती जागा करून दिली. त्याच्या बाचं पुढे काय झालं हे विचारायला वेळ नव्हता, आणि त्याच्या तोंडाकडे बघून विचारावंसंही वाटलं नाही.

मिरजेत मायाने सुभेदाराच्या पोटावर बोटं ठेवली मात्र आणि तिचा चेहरा बदलला. मूत्राशय मोसंब्याएवढं, दगडासारखं घट्ट. वाळूसारख्या बारीक खड्यांनी वाट बंद झाली होती. बोक्यांची ती वाट मुळातच अरुंद असते म्हणे. पाणी कमी, खाणं कोरडं, म्हणजे खडे व्हायला सगळी सोय आम्हीच करून दिलेली. तुंबलेलं मागे मूत्रपिंडावर चढतं, रक्तात विष साठतं आणि मग हृदय थांबतं. तिने हे सगळं भराभर, हात चालू ठेवून सांगितलं. भूल दिली, केसासारखी बारीक नळी घातली, दोनदा अडली, तिसऱ्यांदा गेली. जे बाहेर आलं ते कोकमाच्या सारासारखं लाल होतं. मंगल म्हणाली, आलं गं बाई. देवळात नारळ फुटल्यावर म्हणावं तसं.

बाहेर आल्यावर माया म्हणाली, सर, अजून सहा-सात तास गेले असते तर मी तुम्हाला फक्त चहा पाजू शकले असते. मग हातमोजे काढता काढता म्हणाली, वर्गात तुम्ही शब्द जरा इकडचा तिकडे झाला तरी माझा अर्धा मार्क कापायचात. काल तुम्ही पेपरच दुसऱ्या विषयाचा लिहिलात. तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की भाषा नेमकी वापरा. ती नेमकी वापरायची वेळ आली तेव्हा मी पपईवर आलो.

पहिले दोन दिवस भरवसा नव्हता. रक्ताचा अहवाल वाईट होता. मंगल पिंजऱ्यापाशी बसायची, मी जरा मोकळ्या हवेत म्हणून तंबोऱ्यावाल्यांच्या गल्लीत फिरून यायचो. तिथे एकजण भोपळ्याला कान लावून बसलेला असायचा. मीही परत येऊन पिंजऱ्याला कान लावायचो. गुरुवारी संध्याकाळी सुभेदाराने मायाच्या कंपाउंडरला बोचकारलं. माया म्हणाली, आता चिंता नाही. शुक्रवारी नळी काढली. शनिवारी त्याने स्वतःहून, पिंजऱ्यातल्या घमेल्यात, सलग आणि बराच वेळ केली. आम्ही तिघं उभं राहून बघत होतो. राजनंदिनीचा निकाल लागला तेव्हाही मंगलचे डोळे एवढे भरले नव्हते.

काल घरी आलो. आता कोरडं खाणं बंद, उकडलेल्या मासळीत पाणी कालवून देतो. घरात पाच ठिकाणी पाण्याची भांडी मांडलीत, त्यातल्या दोनांत माझा पाय पडून झालाय. हा आजार उलटतो म्हणून रोज लक्ष ठेवायचंय. आणि गंमत अशी, की ज्या शब्दाला मी घाबरलो तो आता गल्लीत मोकाट फिरतोय. आज सकाळी आप्पासो भिंतीवरून ओरडला, मास्तर, सुभेदार मुतला का? मी अंगणातून ओरडलो, दोनदा. मग मुख्याध्यापकांचाही फोन आला. त्यांनी खाकरून, पण सरळ विचारलं. आभाळ कोसळलं नाही.

आता तुझ्याकडे येतो. मार्गशीर्षात राजनंदिनीच्या साखरपुड्याला तू कऱ्हाडला आलास. चहा घेतला नाहीस. फौजेतून आल्यापासून तुझा चहा चुकलेला मी पाहिलेला नाही. पाण्याचा तांब्या पुढे केला तर ओठ लावून ठेवलास. अंगठ्या घालताना तू मांडवात नव्हतास. पाय मोकळे करतो म्हणून कार्यालयामागच्या भिंतीकडे गेला होतास. मी पाहुण्यांच्या गाड्या बघायला मागे आलो, तर तू भिंतीला एक हात टेकून उभा होतास. मी गाड्यांचं बघून परत आलो तरी तसाच उभा. मग वळून माझ्याकडे पाहिलंस तेव्हा कपाळावर घाम होता, ऐन थंडीत. मी विचारलं, पोट बरं आहे ना? तू म्हणालास, गॅस झालाय गड्या. मी विचारलं तेही पोटाचं आणि तू सांगितलंस तेही पोटाचं, आणि आपण दोघेही जिलेबीच्या ताटाकडे गेलो.

सोमवारी घमेल्यातून बोक्याने मान वर करून पाहिलं, तेव्हा हे पाहणं आपण कुठं तरी पाहिलंय एवढं वाटलं. कुठं, ते आष्ट्याला, त्या ट्रॅक्टरवाल्याशी बोलताना आठवलं. म्हणून हे पत्र. हंबीर, तुला लघवीचा त्रास आहे. मी अठ्ठावन्न वर्षांच्या सुभेदाराला हे लिहितोय आणि शब्द खोडलेला नाही, म्हणजे तुला वाचायला हरकत नसावी. तुझ्या-माझ्या वयाच्या पुरुषांत हे घरोघर असतं, वेळेत दाखवलं तर बहुतेकांचं गोळ्यांवर भागतं, असं मला मिरजेत मायाच्या ओळखीच्या मूत्रविकाराच्या डॉक्टरांनी सांगितलं. शुक्रवारी मी त्यांना भेटून आलो. येत्या गुरुवारी अकराची वेळ घेतली आहे. नाव माझं लिहिलंय, कारण मीही तपासून घेणार आहे. तुझं तिथे गेल्यावर लिहू. सकाळच्या एसटीने कऱ्हाडला उतर, मी आणि आप्पासो स्टँडबाहेर थांबतो. वाटेत तुला वाटेल तिथे, वाटेल तितक्या वेळा थांबायचं. आप्पासोला सांगून ठेवलंय, की मास्तरला हल्ली सारखी गाडी थांबवावी लागते. घरच्यांना आत्ताच सांगायचं नसेल तर नको सांगूस, आणि उत्तराचं पत्रही नको. फक्त फोन कर. खुशाल स्पीकरवर टाक, साळूवहिनी, सूनबाई, ओट्यावरची मंडळी सगळ्यांना ऐकू दे, आणि एवढंच विचार, सुभेदार कसा आहे. मी समजेन, तू येतोयस.

तुझाच,
लाला