‘मिळव’च्या जागी ‘ठेव’

प्रिय झुहेर,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला नाही याचं मलाच नवल वाटलं. जुनी सवय, दुसरं काय. अकरा वर्षांपूर्वी मी तुझ्या कीबोर्डखाली रोज एक चिठ्ठी सरकवून ठेवायचे. त्या तू वाचायचास की नाही, अल्लाच जाणे. हे पत्र मात्र नक्की वाचशील, कारण पाकिटावर मंत्रालयाचा शिक्का आहे आणि शिक्का असलेलं काहीही तू उभ्या उभ्याच फोडतोस.

इकडची खुशाली अशी की आईचे गुडघे पार गेलेत, तरी शुक्रवारचं कुसकुस तीच करते आणि वाढता वाढता तुझा उद्धार करते. “साखरपुड्याला बदामाचा बकलावा गल्लीभर वाटला मी, आणि हा बाबा मार्सेलला जाऊन फोनवर लग्न मोडतो. तिकीट काढून यायला काय धाड भरली होती त्याला?” मी म्हणते, आई, जाऊ दे. ती म्हणते, तू जाऊ दे म्हणतेस म्हणूनच असले सोकावतात. तिचं काही चुकत नाही. आपली कॉम्प्युटर-मशीनची खोली सांभाळणारे अम्म लामीनकाका निवृत्त झाले. परवा हरभऱ्याच्या रश्श्याच्या, लब्लाबीच्या गाडीवर भेटले. वाडग्यात पाव कुस्करता कुस्करता म्हणाले, “आपले साहेब, सी झुहेर, आता संचालक होणार म्हणे? बरंय. खुर्चीवर बसायला त्याला आवडायचंच. खोलीत घाम गाळायला तू होतीस, पोरी.”

अम्म लामीनना सगळं दिसत होतं. त्या खोलीत पंखा बंद पडलेला असायचा, मशीन कढत असायची आणि आपण दोघं दक्षिणेकडच्या भूजलाचा प्रोग्राम लिहीत होतो. नकाशे तुझे होते, ते मी कधीच नाकारलं नाही. आकड्यांचं मॅट्रिक्स भरायचा भाग मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माझा होता. तुला शिकवतेय असं समजू नकोस. आज दहा वाजता मंत्रालयाच्या समितीतल्या बाई तुला हेच विचारणार आहेत, म्हणून सोप्या भाषेत लिहून देते. जमिनीचा नकाशा चौसष्ट तुकड्यांत कापायचा आणि एकेक तुकडा एकेका प्रोसेसरला द्यायचा. आपल्या तुकड्यातलं पाणी आणि मीठ ज्याने त्याने मोजायचं. दोन तुकड्यांच्या शिवेवरच्या बिंदूत मात्र दोघांचा वाटा असतो. मोठ्या मॅट्रिक्समध्ये त्या बिंदूची ओळ एकाच्या ताब्यात असते. शेजाऱ्याने आपला वाटा त्याच्याकडे पाठवायचा आणि त्याने तो आपल्या आकड्यात मिळवायचा. मिळवायचा, झुहेर. आधीचा पुसून त्या जागी ठेवायचा नाही.

मी ‘मिळव’ लिहिलं होतं. तू मार्सेलला जायच्या आदल्या महिन्यात तिथे ‘ठेव’ केलंस. मी हटकलं तर हसलास. “अगं, आपापली बेरीज प्रत्येकाने आधीच केलेली असते, मग पुन्हा मिळवामिळवी कशाला? असं पटकन होतं.” आणि मला पटावं म्हणून आपल्या लॅपटॉपवर चालवून दाखवलंस. उत्तर बरोबर आलं. येणारच होतं. लॅपटॉपवर एकच प्रोसेसर, तुकडा एकच, शीव नाहीच. मग पुसायला शेजारी कुठून येणार? हे मी तेव्हाच तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं. पण दहा दिवसांवर साखरपुडा होता आणि मला तुझ्याशी भांडायचं नव्हतं. याची आजही लाज वाटते.

पुढचं तुला माहीत आहे. लेख छापून आला तो तुझ्या एकट्याच्या नावाने. हम्मामेतच्या परिषदेत कुणीतरी माझ्याबद्दल विचारलं, तर मी तिसऱ्या रांगेत बसलेली असताना तू म्हणालास, “दोर्राने टायपिंगला छान मदत केली.” लोक कौतुकाने माझ्याकडे वळून बघत होते. मी मान डोलावली आणि हसलेसुद्धा. ते हसू मी अकरा वर्षं गिळतेय.

पाच आठवड्यांपूर्वी मंत्रालयाने तुझा प्रोग्राम तपासायला माझ्याकडे दिला. केबिलीच्या खजुरीच्या बागांसाठी बावीस खोल विहिरी कुठे खणायच्या, हे तुझ्या नकाशावरून ठरणार होतं. मी तो एका प्रोसेसरवर चालवला: चौदा वर्षांत मीठ बागांच्या मुळाशी. चौसष्टवर चालवला: साठ वर्षं काळजी नाही. तुझ्या अहवालात साठ आहे. सगळ्या शिवांवर शेजाऱ्याच्या वाट्याचं मीठ पुसलं गेलंय आणि तिथे उमटलेल्या रेघा तू नकाशा गुळगुळीत करून लपवल्या आहेस. म्हणजे रेघा तुला दिसल्या होत्या. केबिलीच्या माणसांनी तुझं काय घोडं मारलं होतं?

तेव्हाच फोन करून तुला सांगता आलं असतं. मी केला नाही. रोज ऑफिसातून घरी जाताना मला मजा वाटायची, हे लपवत नाही. मग गेल्या मंगळवारी तुझाच फोन आला. आवाज तोच, लोण्यासारखा. खरं सांगते, त्या वेळी तू एकदा जरी म्हणाला असतास, “दोर्रा, तुझ्यावर अन्याय झाला,” तर मी तिथल्या तिथे सगळं ओकले असते. तू म्हणालास, “लवकर उरक गं. तुला तर तोंडपाठ असेल, टाइप तूच केलं होतंस.” मी म्हटलं, हो, सी झुहेर, उरकते. आणि फोन ठेवून मंत्रालयाला लिहिलं की निर्णयाआधी हा प्रोग्राम समितीसमोर एका आणि चौसष्ट प्रोसेसरवर, दोन्ही तऱ्हेने चालवून बघावा.

हे पत्र नऊला तुझ्या हातात पडेल अशी व्यवस्था केली आहे. तो शब्द बदलायला एक मिनिट पुरतं, पण फाइल काल दुपारपासून माझ्या ताब्यात आहे. माझी जुनी प्रतही तारखेसकट माझ्याजवळ आहे. विहिरी तर आता तिथे खणल्या जात नाहीत. ते काम माझा अहवाल करेल, तुझी गरज नाही. तुझ्यासाठी एक वाट मात्र ठेवली आहे. दहाला प्रोग्राम चालवायच्या आधी उभा राहा आणि सगळ्यांसमोर सांग की मूळ ओळ दोर्राची होती, ती बरोबर होती आणि मी ती बिघडवली. एवढं बोललास तर जुनी प्रत मी बॅगेतून काढणार नाही आणि लपवलेल्या रेघांचा विषयही काढणार नाही; चूक प्रामाणिक होती असं समजून तुला जाऊ देतील. ही संधी न देता तुला तोंडघशी पाडलं असतं तर उद्या मलाच झोप लागली नसती, म्हणून हे पत्र. पण मी तुला ओळखते. तू उठणार नाहीस. मी तिसऱ्या रांगेतच बसणार आहे, आणि तू उठू नयेस अशी मनापासून इच्छा करत बसणार आहे.

तुझीच तपासनीस,
दोर्रा